पाळीचा जमाखर्च

महिन्याच्या वाणसामानाची यादी अजूनही बहुतेक घरांत कागदावर उतरते. चहा, साखर, तूरडाळ, शेंगदाणे, अंगाचा साबण, भांड्यांचा साबण. पॅडचं पाकीट त्या यादीत सहसा नसतं. ते वेगळं आणलं जातं, औषधाच्या दुकानातून, काउंटरपाशी गर्दी नाही असं पाहून. दुकानदारही न सांगता ते वर्तमानपत्रात गुंडाळतो, काळ्या पिशवीत घालतो आणि नजर वळवून सुटे पैसे परत देतो. जो खर्च यादीत नाही तो हिशेबातही येत नाही. दुधाचे महिन्याला किती होतात, गॅसची टाकी किती दिवस पुरते, हे तोंडपाठ असलेल्या बाईला पॅडचे वर्षाला किती जातात असं विचारून पाहा. उत्तर येत नाही, कारण हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो.

ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे. ती पनवेल आणि परिसरातल्या बायकांना समोर ठेवून लिहिलेली आहे: जुन्या गावातल्या चाळींत राहणाऱ्या, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघरच्या सिडको इमारतींतल्या, तळोज्याच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्या, आणि डोंगराच्या कडेच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्यासुद्धा. एकदा वापरून फेकायच्या पॅडऐवजी धुऊन किंवा उकळून पुन्हा वापरता येतील अशा वस्तू आता सहज मिळतात. कापडी पॅड, पाळीचा कप, पाळीसाठीची खास निकर. त्या घेतल्या तर पैसे किती वाचतात, अंगाला आराम किती पडतो, आणि कुणाला त्या सोसणार नाहीत, एवढंच या पानांत आहे. शेवटचा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करते, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण तो गाळतात.

आधी पैशांचं. पाच दिवसांची पाळी आणि दिवसाला चार पॅड धरले तर महिन्याला वीस. अठ्ठावीस दिवसांचं चक्र असेल तर वर्षात तेरा पाळ्या येतात, म्हणजे २६० पॅड. पॅड सरासरी सहा रुपयांना पडतो असं धरलं, तर १,५६० रुपये. घरात आई आणि वयात आलेल्या दोन मुली असतील तर ४,६८० रुपये. धुणंभांडी करणाऱ्या बाईला ही रक्कम म्हणजे साधारण दोन-तीन घरांचा महिन्याचा पगार. काहींना याहून कमी पॅड लागतात. ज्यांच्या अंगावर जास्त जातं त्यांना रात्रीचे मोठे पॅड घ्यावे लागतात आणि त्यांची किंमत पुष्कळ जास्त असते.

आता दुसरी बाजू. चांगल्या सिलिकॉनचा कप साधारण तीनशे ते सहाशे रुपयांना मिळतो. नीट वापरला तर पाच वर्षं चालतो. दहा वर्षं टिकेल असंही बनवणारे सांगतात. कापडी पॅड एकेक दीडशे-दोनशे रुपयांना पडतो, सहा-सात लागतात, आणि ते दोन-तीन वर्षं जातात. निकर सगळ्यांत महाग. एकीने भागत नाही, चार-पाच घ्याव्या लागतात. पाच वर्षांचा हिशेब मांडला तर विकतच्या पॅडचे ७,८०० रुपये, कापडी पॅडचे दोन संच तीन हजारांच्या आत, आणि कपाचे पाचशे.

एक गोष्ट मात्र इथे झाकून चालणार नाही. पंतप्रधान जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ नावाचा पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला मिळतो. त्यातलेच पॅड नियमित घेणाऱ्या बाईचा वर्षाचा खर्च २६० रुपयेच होतो. तिने बाराशे रुपयांचे कापडी पॅड घेतले तर पैसे वसूल व्हायला साडेचार वर्षांवर लागतील, आणि तोवर ते पॅड विरून गेलेले असतील. तिच्यासाठी बचत फक्त कपात आहे, तीही दीड-दोन वर्षांनंतर. पैशाच्या नावाखाली तिला कापडी पॅड गळ्यात बांधणं ही फसवणूक होईल. तिला आराम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

सरकारी योजनांनी स्वस्त पॅडची वाट मोकळी केली हे खरंच आहे. केंद्राच्या योजनेत २०११ पासून आशा कार्यकर्ती गावातल्या मुलींना सहा पॅड सहा रुपयांना देऊ लागली. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ला ‘अस्मिता’ योजना आली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी आठ पॅडच्या पाकिटाची किंमत पाच रुपये झाली. विक्री बचतगटांकडे दिली गेली. जुलै २०१७ मध्ये पॅडवर बारा टक्के जीएसटी बसला होता, तो देशभर झालेल्या ओरडीनंतर वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये उठला. मात्र या सगळ्यांत गृहीत एकच होतं: स्वच्छ म्हणजे फेकायचा पॅड. धुण्याचं काहीही म्हणजे मागासलेलं.

हे गृहीत आकडेवारीतही शिरलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या पंधरा ते चोवीस वयाच्या सुमारे ७८ टक्के मुली पाळीत ‘स्वच्छ साधन’ वापरतात असं आढळलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास होतं. वाढ मोठी आहे, आनंदाचीही आहे. पण त्या व्याख्येत विकतचे पॅड बसतात, गावात बनवलेले बसतात, टॅम्पॉन आणि कप बसतात. घरचं कापड बसत नाही, मग ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेलं का असेना. उलट दिवसभर न बदललेला, घामाने भिजलेला विकतचा पॅड मात्र स्वच्छ साधनात जमा. मोजणाऱ्यांनी वस्तू मोजली. पाणी, साबण आणि ऊन मोजलं नाही.

घोळ इथेच आहे, म्हणून याच जागी थोडं थांबते.

आपल्या आज्या-पणज्यांनी जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या. त्या सुती होत्या, मऊ होत्या, अंगाला टोचत नव्हत्या. त्यांच्यामुळे जांघा सोलवटल्याची तक्रार जुन्या बायका फारशी करत नाहीत. तक्रार करतात ती दुसऱ्याच गोष्टींची: घडी सरकायची, डाग पडायचा, चार चौघींत उठता यायचं नाही, आणि सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे धुतलेलं वाळत कुठे घालायचं. विटाळाच्या दिवसांतलं कापड कुणाच्या नजरेला पडता कामा नये. मग ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात, पलंगाखाली, परकराच्या आड, पत्र्याच्या आणि भिंतीच्या फटीत वाळायचं. वाळायचं म्हणजे खरं तर दमटच राहायचं, आणि तसंच पुढच्या महिन्यात अंगाला लागायचं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू करून शरीराविषयी उघड बोलायला घेतलं, तरी मराठी घरांतली या कापडाची दोरी काही उजेडात आली नाही.

ओडिशात भुवनेश्वर आणि राऊरकेलाच्या रुग्णालयांत ४८६ बायकांचा अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्यांमध्ये जंतुसंसर्ग फेकायचे पॅड वापरणाऱ्यांपेक्षा जास्त दिसला. विकतच्या पॅडचे समर्थक हा अभ्यास पुढे करतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण तिथेच २०१८ साली प्रसिद्ध झालेला पुढचा अभ्यास तितक्याच लक्षपूर्वक वाचायला हवा. कापड घरात वाळवणाऱ्या आणि संडास-न्हाणीत ठेवणाऱ्या बायकांमध्ये बुरशीचा संसर्ग अधिक आढळला. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की दोष कापडापेक्षा कापडाच्या लपण्याकडे जातो. माझं मत विचाराल तर, कापडी पॅडचा खरा शोध त्याच्या बटणात किंवा आतल्या न गळणाऱ्या थरात नाही. तो वाळत घालताना रुमालासारखा दिसतो, यात आहे. फुलाफुलांचं कापड, गोल किंवा लांबट आकार, दोरीवर इतर कपड्यांच्या रांगेत. शेजारीण बघेल या भीतीने हात आखडत नाही.

पुण्यातली ‘समाजबंध’ ही संस्था लोकांनी दिलेल्या जुन्या सुती कपड्यांपासून असे पॅड शिवते आणि ते घेऊन आदिवासी पाड्यांत जाते. तमिळनाडूत ऑरोविलजवळ ‘इको फेम’ने हाच धंदा गावातल्या बायकांच्या हाती दिला. भारतीय मानक ब्यूरोने २०२१ मध्ये पुन्हा वापरायच्या पॅडसाठी आणि निकरसाठी स्वतंत्र मानकही काढलं, त्याचा क्रमांक आयएस १७५१४. म्हणजे ज्या गोष्टीला आजवर फडकं म्हणून नाक मुरडलं, तिची आता मोजमापं ठरली आहेत. दुकानात विचारताना हा क्रमांक विचारा.

तरी पनवेलमध्ये ऊन ही काही बारा महिन्यांची गोष्ट नाही. जून लागला की सप्टेंबरपर्यंत कपड्यांना कुबट वास येतो, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. सोसायटीच्या गच्चीला कुलूप आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन फुटांची दोरी, हे सिडकोच्या एक खोली-स्वयंपाकघराचं वास्तव आहे. पावसाळ्यात कापडी पॅड पंख्याखाली वाळवून, वर कडक इस्त्री फिरवून वापरता येतात. पण घरात इस्त्री नसेल, तीन मुलं आणि सासूसासरे एकाच खोलीत असतील, तर हा सल्ला पुस्तकी ठरतो. पाण्याचंही तेच. महापालिका २०१६ मध्ये झाली, पण जुन्या पनवेलला पाणी देणारं गाढी नदीवरचं देहरंग धरण आजही उन्हाळ्यात तळ गाठतं आणि पाण्याचे दिवस ठरतात. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला आणखी एक बादली धुण्याला लावायला सांगणं सोपं नाही. कापडी पॅड आधी थंड पाण्यात भिजत घालावे लागतात. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. भिजवलेलं पाणी झाडांना घालता येतं, कुंड्या असतील तर. पण पाणी लागतंच.

कपाला त्यामानाने पाणी फार थोडं लागतं. लोकलने जाणाऱ्या बायकांसाठी तर तो जास्तच सोयीचा. पनवेलहून हार्बरने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायला सव्वा तासाहून अधिक लागतो. गाडीत स्वच्छतागृह नाही. सकाळी साडेसातला घर सोडून रात्री आठला परतणारी बाई दिवसात दोनदा तरी पॅड बदलायची जागा शोधत असते. ऑफिसमध्ये सोय असते. बाजारात फिरून माल विकणारीला, बांधकामावर जाणारीला, एसटीच्या कंडक्टर बाईला ती नसते. म्हणून कित्येक जणी बदलतच नाहीत. मे महिन्याच्या चिकट उकाड्यात प्लॅस्टिकचा थर तासन् तास अंगाला घासत राहतो, पुरळ उठतं, जांघा सोलवटतात, चालताना आग होते. पाळी म्हटलं की पोटदुखी आठवते, पण या आगीबद्दल बायका आपसांतही फार बोलत नाहीत. विकतच्या पॅडच्या वरच्या जाळीपासून खालच्या थरापर्यंत बरंचसं प्लॅस्टिकच असतं, मधे लाकडाचा लगदा आणि ओल शोषणारी रासायनिक भुकटी. दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ने २०२२ मध्ये बाजारातले दहा प्रकारचे पॅड तपासले तेव्हा त्यांत थॅलेट्स आणि हवेत उडणारी रसायनं सापडली. त्याने अमुक आजार होतोच असं सिद्ध झालेलं नाही आणि कुणी तसं सांगून घाबरवत असेल तर ऐकू नका. घासण्याचा त्रास मात्र सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही.

कप ही नवी वस्तू नाही. लिओना चाल्मर्स या अमेरिकन नटीने १९३७ मध्येच रबरी कपाचं पेटंट घेतलं होतं. त्याआधी, १९२०च्या सुमारास, तिकडे फेकायचे पॅड बाजारात रुळू लागले होते, पहिल्या महायुद्धातल्या नर्सनी मलमपट्टीच्या सामानाचा असा उपयोग करून पाहिल्यावर. फेकायची वस्तू जिंकली. तिची जाहिरात दर महिन्याला करता येते, कप एकदा विकला की गिऱ्हाईक दहा वर्षं फिरकत नाही. सिलिकॉनचे कप आले ते या शतकाच्या सुरुवातीला. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकाने २०१९ मध्ये जगभरातल्या ४३ अभ्यासांचा, ३,३१९ बायका-मुलींच्या अनुभवांचा एकत्रित आढावा छापला. गळती पॅडइतकीच किंवा त्याहून कमी. वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के बायकांना पुढेही कपच हवा होता. आणि हात बसायला काही महिने लागतात, हे त्याचं सार.

केरळने हे गावपातळीवर करून दाखवलं. आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीबरोबर पाच हजार कप मोफत वाटले. जानेवारी २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबळंगी हे देशातलं पहिलं सॅनिटरी पॅडमुक्त गाव म्हणून जाहीर झालं. असं घोषित होणं आणि प्रत्येक बाईने पॅड सोडणं यांत अंतर असणारच. मला तिथली गोष्ट महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या कारणाने: कप वाटण्याआधी बायकांना बसवून तो समजावून सांगितला गेला. नुसती वस्तू हातात ठेवून निघून जाण्याची आपली जुनी सवय तिथे मोडली.

समजावणं लागतंच. कप आत जातो, आणि इथेच आपल्याकडे बायकांचा, त्याहून जास्त आयांचा, श्वास अडकतो. लग्नाआधी मुलीने हे वापरलं तर? महाराष्ट्रात हा प्रश्न पोकळ नाही. कंजारभाट समाजातल्या तरुणांनी कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम उघडली, ती पुण्यातून, २०१७-१८ मध्ये. म्हणजे लग्नाच्या पहिल्या रात्रीच्या चादरीवरून मुलीचा न्याय करणारी पंचायत आपल्या काळात, आपल्या राज्यात होती. वैद्यकाच्या दृष्टीने योनिपटल हा कशाचाच पुरावा नाही. खेळताना, सायकल चालवताना ते ताणलं जातं, काहींचं मुळातच विरळ असतं. पण शास्त्र सांगून आईची भीती जात नाही आणि मुलीवर जबरदस्ती करून आरामही मिळत नाही. ज्या मुलीला नको आहे तिने कापडी पॅड किंवा निकर घ्यावी, तिला पटलं तर तिने कप घ्यावा. वाईचे दिवंगत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शंतनू अभ्यंकर यांचं ‘पाळी मिळी गुपचिळी’ हे पुस्तक अशा घरात आणून ठेवावं. मराठीत या विषयावर इतकं मोकळं आणि खट्याळ दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

वापराच्या गोष्टी पुढच्या पानांत चित्रांसह आहेत. काही सांगून ठेवते, कारण चुका इथेच होतात. कप बारा तासांपेक्षा जास्त आत ठेवायचा नाही. काढताना देठाला धरून ओढायचं नाही. तळ चिमटीत दाबून हवा आत जाऊ द्यायची, मग तो सुटतो. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण ओढाओढीत तांबी सरकू शकते. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप पाच-सात मिनिटं उकळायचा, त्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं ठेवायचं. ते चहाच्या भांड्यांत मिसळलं म्हणून घरात महाभारत घडल्याच्या कथा ऐकल्या आहेत, आणि त्या खऱ्या वाटण्यासारख्या आहेत. अंग खाली उतरलेलं असेल, नुकतं बाळंतपण झालं असेल, आत जखम किंवा संसर्ग असेल, तर कप नको. अचानक ताप, उलट्या, अंगावर लाल चट्टे आले तर कप काढून थेट दवाखाना गाठायचा. असा जंतूंच्या विषाचा धक्का (टॉक्सिक शॉक) १९८० मध्ये अमेरिकेत एका विशिष्ट टॅम्पॉनमुळे गाजला होता; कपाबाबत अशी प्रकरणं जगभरात बोटांवर मोजण्याइतकीच नोंदली गेली आहेत, पण लक्षणं माहीत असलेली बरी.

कपाचा एक फायदा विक्रेतेही फारसा सांगत नाहीत. त्यात रक्त मोजता येतं. कित्येक कपांवर मिलिलिटरच्या खुणाच असतात. एका पाळीत सर्वसाधारणपणे तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ऐंशीच्या वर गेलं तर ते जास्त मानतात. आपल्याकडे अंगावर जाणं म्हणजे सोसायची गोष्ट. १८७२ पासून औषधं बनवणारं धूतपापेश्वर पनवेलचंच, आणि अशोकारिष्टाची बाटली मराठी घरातल्या फडताळात पिढ्यान् पिढ्या राहिली. बाटली घेतली जायची, पण नेमकं किती जातंय हे कुणी पाहिलं नव्हतं. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. त्यामागे पाळी हे एकच कारण नाही. पण ‘डॉक्टर, खूप जातं हो’ या वाक्यापेक्षा ‘शंभर मिलिलिटर जातं’ हे वाक्य दवाखान्यात जास्त गांभीर्याने ऐकलं जातं.

कचऱ्याबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण पर्यावरणाचं ओझं बाईच्याच पाळीवर टाकणं मला पटत नाही. गावभर प्लॅस्टिकच्या पिशव्या उडत असताना तिच्या चार पॅडवर बोट ठेवणं सोपं असतं. तरी एक बाजू आहे, आणि तीही बायकांचीच आहे. पॅड उचलणारे हात कचरावेचक बाईचे असतात. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी २०१३ मध्ये वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले होते. आमच्या हाताला लागतं ते एकदा तुमच्या हाताला लागू दे, असा त्याचा अर्थ. नंतर २०१६च्या घनकचरा नियमांत पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यावी ही जबाबदारी कंपन्यांवर आली. पॅड कागदात गुंडाळून त्यावर ओळखीसाठी लाल ठिपका काढायला काही सेकंद लागतात. तळोज्याच्या बाजूला जाणाऱ्या कचऱ्यात ते उघडे पडलेले असतात तेव्हा त्यांना हात लावणारीही महिन्यातून एकदा याच त्रासातून जात असते.

आता, कुणाला हे जमणार नाही? कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीवर झोपडी असते. न्हाणी नसते, आडोसा नसतो, पाणी लांबून आणायचं असतं. तिथल्या मुलीच्या हाती कप देऊन तो उकळ म्हणणं आणि कापडी पॅड देऊन तो उन्हात वाळव म्हणणं, दोन्ही सारखंच निर्दय. तिच्यासाठी आज तरी मोफत मिळणारा फेकायचा पॅड आणि बदलायला चार भिंती, हेच उत्तर आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं उदाहरण समोर आहेच. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. फडात पाणी नाही, संडास नाही, एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. त्यावर बाईला सुचवला गेलेला उपाय शस्त्रक्रियेचा होता. पाळीच्या साधनांवर लिहिताना हा आकडा डोळ्यांआड झाला की लिहिणं केवळ खरेदीचा सल्ला होऊन बसतं.

ज्यांच्याकडे नळ आहे, दार लागणारी मोरी आहे आणि दोरीचा एक कोपरा आहे, त्यांच्यासाठी माझा कौल स्पष्ट आहे. लोकलने किंवा दिवसभर बाहेर राहून काम करणाऱ्या, मूल झालेल्या बाईने कप घ्यावा. शाळा-कॉलेजातल्या मुलीने कापडी पॅडपासून सुरुवात करावी, शक्यतो सुट्टीत, घरी असताना. पहिला प्रयोग परीक्षेच्या दिवशी नको. ‘आई, ते फडकं मी नाही हं घेणार’ असं ती म्हणाली तर वाद घालू नये, एक पॅड तिच्या कपाटात ठेवून गप्प बसावं. पाळी थांबण्याच्या वयातल्या, कधी येईल याचा भरवसा नसलेल्या बायकांना निकर सोयीची. सगळं एकदम बदलायचीही गरज नाही. रात्री कापडी, प्रवासात विकतचा, असं अर्धं-अर्धं केलं तरी विकतच्या पॅडचा खर्च अर्ध्यावर येतो. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत गळलं, चुकलं, तर ते प्रत्येकीचं होतं.

एक मागणी पनवेल महानगरपालिकेकडे आणि रेल्वेकडे आहे, आणि ही पुस्तिका हाती पडणाऱ्या प्रत्येक नगरसेविकेने ती सभागृहात मांडावी. कप रिकामा करायला किंवा हात धुऊन पॅड बदलायला पाणी दाराच्या आत लागतं. आपल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत बेसिन बाहेर असतं, जिथे रक्ताचे हात घेऊन कुणी बाई येणार नाही. बायकांच्या प्रत्येक संडासात आतल्या बाजूला एक चालू नळ, कडी लागणारं दार, पर्स ठेवायला एक फळी आणि झाकणाची कचरापेटी बसवा. पनवेल स्थानकापासून सुरुवात करा.